बरणीचं झाकण

१४ फेब्रुवारी १९८८, रविवार
ही डायरी जयंतने दिली. त्याच्या हवाई दलाच्या कँटीनमधली आहे, वर विमानाचं चित्र. म्हणाला, "बाबा, मनात काळजी आली की यात लिहीत जा." सूनबाई पद्मिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "म्हणजे आम्हाला ऐकायला नको." दोघंही हसले. मी हसलो नाही.

माझं शिक्षण सातवी. गडहिंग्लज डेपोत बत्तीस वर्षं एस.टी. चालवली, एकदाही दरीत घातली नाही. त्याचं कौतुक कुणी केलं नाही, कारण दरीत न गेलेल्या गाडीची बातमी होत नाही. दिवाळीत माझी बायको शालिनी गेली आणि जयंत मला इथे चंदीगडला घेऊन आला. कॅम्पात क्वार्टर मिळेपर्यंत सेक्टर ३५ मध्ये तळमजला भाड्याने घेतलाय. वर मालक राहतात, सरदार हरकिशन सिंग. कालवे खात्यातून निवृत्त. सोबत त्यांची बायको दलीप कौर.

इथलं जेवण चांगलं आहे असं सगळे म्हणतात. सगळ्यात लोणी. तिखट म्हणून जे देतात ते लाल रंगाचं पीठ आहे.

शालिनीची मिशेरीची डबी मी बरोबर आणलीय. तिच्यात मिशेरी नाही, मिरचीचं बी आहे. तिच्या माहेरची लवंगी, बोटाच्या पेराएवढी. झाडावर खाली लोंबत नाही, वर तोंड करून वाढते. तीही तशीच होती. शेवटची दोन वर्षं तिला गुडघ्यांमुळे पेरता आलं नाही. माहेरच्या परड्यात आता तिच्या भावाने पिठाची गिरणी टाकली. म्हणजे डबीत आहे तेवढंच बी जगात उरलंय, आणि तेही जुनं. यंदा उगवलं नाही तर संपलं.

शालिनी असती तर म्हणाली असती, तुमच्या हातून कोथिंबीर कधी आली नाही.

२३ फेब्रुवारी, मंगळवार
मागच्या अंगणात कुदळ मारली. कुदळ उडून परत आली. वर चार बोटं माती, खाली बिल्डरने टाकलेले विटांचे तुकडे, सिमेंट, एक चप्पल. फक्त भिंतीलगत दोन हात रुंदीचा पट्टा बरा निघाला. तीही माती अशी चिकट की वाळली की तिच्यावर पाटी घासता येईल. तिच्यात एक किडा नाही, एक मुळी नाही. मेलेली माती.

वरच्या गच्चीतून सरदारजी बघत होते. "दामोदर जी, ट्यूबवेल खोद रहे हो?"

मी म्हटलं, "मिर्ची लगाता."

"मिर्च? बाज़ार में मिलती है जी."

"वो मिर्ची नहीं. वो भाजी है."

त्यांना राग आला असावा. पंजाबी माणसाला त्याच्या खाण्याबद्दल बोललेलं चालत नाही. पण थोड्या वेळाने खाली आले, पगडी सावरली आणि माझ्या हातातून कुदळ घेतली. कालव्यावरचा माणूस, खोदायला वाघ. खोदताना मात्र सारखं फाटकाकडे बघत होते. कुणाची वाट बघता म्हणून विचारलं तर म्हणाले, "किसी की नहीं जी." मग बघायचं कशाला?

६ मार्च, रविवार
मातीत जीव घालायचा तर गांडुळं पाहिजेत. सेक्टर १६ च्या गुलाबाच्या बागेत माती काळीभोर आहे. मी पेन्शनर माणूस, पहाटे फिरायला गेलो तर कोण विचारतो? चमच्याने उकरली आणि ओल्या पानांत गुंडाळून जेवणाच्या डब्यात भरली. ही चोरी आहे का याचा मी रात्रभर विचार केला होता. गांडुळावर सरकारचं नाव नसतं.

परत येताना नाक्यावर सी.आर.पी.च्या जवानाने अडवलं, इथे अतिरेक्यांसाठी चौकाचौकात पहारा आहे. वाळूच्या पोत्यांमागे दुसरा बंदूक घेऊन उभा. डबा उघडायला लावला. त्याने आत बघितलं, मग माझ्याकडे.

"ये क्या है?"

"केंचुए."

"खाओगे?"

"नहीं, मिर्ची को देगा."

"मद्रासी हो?"

मी नाही म्हणणार होतो, पण सोडत असेल तर मद्रासी तर मद्रासी. मान हलवली. त्याने झाकण दोन बोटांनी लावलं.

घरी सांगितलं तर पद्मिनी म्हणाली, "मामंजी, तो डबा आता जयंतला द्यायचा नाही." मी धुतला होता.

२१ मार्च, सोमवार
उगवलं! फ्रीजच्या मागे, जिथे गरम लागतं तिथे ओल्या फडक्यात ठेवलं होतं. डबीभर बियांतून दहा कोंब. बाकी सगळी मेली. दहा म्हणजे काही फार नाही. उकरून टाकायला एक मांजर पुरे.

वाफ्यात रस्त्यावरची पडलेली पानं भरली. इथे झाडू मारणारे पानं गोळा करून जाळतात, मी जाळायच्या आधी पोती भरून आणतो. बुडैल गावातल्या गोठ्यातून शेण आणलं. काल उकरून बघितलं तर पानांखाली माती भुसभुशीत, तिला पावसाळ्यात गावाकडच्या परड्याला येतो तसा वास. गांडुळंही जिवंत. सरदारजी वाकून म्हणाले, "ओ जी, ये तो चल रही है!" जणू बंद पडलेली मोटार सुरू झाली.

२७ मार्च, रविवार
शालिनीचं औषध आज केलं. ताक, शेण, गूळ, मूठभर बेसन, वडाखालची माती, सगळं बरणीत घालायचं आणि रोज काठीने ढवळायचं. मग पाण्यात मिसळून मुळांशी. तिचं परडं त्यावरच चालायचं. लोणच्याच्या दोन रिकाम्या बरण्या घेतल्या. बाहेर ठेवल्या तर पद्मिनी फेकून देईल, म्हणून वाफ्यातच गळ्यापर्यंत पुरल्या. एक डाव्या टोकाला, एक उजव्या. दुसरीकडे पुरायला जागाच नाही, सगळीकडे विटा. तोंडाला फडकं बांधलं, वर पालापाचोळा. कुणाला कळणार नाही.

१७ एप्रिल, रविवार
रोपं लावली. बरण्यांच्या भोवती, म्हणजे मुळांना बरणीचा गारवा. डावीकडे चार, उजवीकडे सहा.

१८ एप्रिल, सोमवार
उजवीकडे पाच!

सहावं मुळासकट गेलंय. खड्डा नीट बुजवलेला. चिमणी खड्डा बुजवत नाही. पद्मिनीला विचारलं. ती म्हणाली, "मी मिरचीचं रोप चोरून काय करू? मला रोज जिवंत मिरची सांभाळावी लागते." हे मला उद्देशून होतं. सरदारजींना विचारलं तर त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि आकाशाकडे बघून म्हणाले, "बुरा ज़माना है जी." ते खरं आहे.

१२ मे, गुरुवार
सगळ्या झाडांना कळ्या. पांढरी फुलं, खाली माना घातलेली. फळ धरलं की मान वर करतील.

सरदारजी आता मला रोज सकाळी फिरायला बरोबर नेतात. एकटे जात नाहीत. मी एक दिवस पाय दुखतो म्हणालो तर तेही गेले नाहीत, गच्चीतच फेऱ्या मारल्या. एवढ्या मोठ्या माणसाला सोबत लागते याची मला गंमत वाटते. नाक्यावर त्यांची पिशवी रोज उलटी करतात, खिसे बघतात, नाव विचारतात. काल तर जुनं ओळखपत्र मागितलं, पगडी चाचपली. मला कुणी हात लावत नाही. माझा चेहरा साधा आहे, त्याचा फायदा.

त्यांच्या फाटकावरची नावाची पाटीही त्यांनी काढलीय. रंगवायला दिली असेल.

वर रात्री फोन वाजतो आणि कुणी उचलत नाही. मी जयंतला म्हटलं, त्यांचा फोन बिघडलाय, खात्यात सांग. जयंत म्हणाला, "बाबा, तुम्ही मिरच्या बघा."

१५ मे, रविवार
पद्मिनीला वास आला. उन्हाने बरण्या फारच आंबल्यात, हे मी मान्य करतो. ती नाकाला पदर लावून अंगणभर फिरली, म्हणाली, "काहीतरी मेलंय. माणूस बोलावून खणून घेते." खणून! झाडं कळीवर असताना!

ती बाजारात गेल्यावर फडकी काढली. बरण्यांवर चिनी मातीची झाकणं ठेवली आणि घरामागे पडलेल्या अर्ध्या पोत्यातलं सिमेंट कालवून पक्की केली. आधी ताजा गूळ घातला, म्हणजे आठ-दहा दिवस बघायला नको. वासाचं नाव नाही. पद्मिनी म्हणाली, "गेला वाटतं." मी म्हटलं, "मांजर असेल."

२४ मे, मंगळवार


दुपारी दोन वाजता डावी बरणी फुटली. असा आवाज की समोरच्या घराच्या काचा हलल्या. मी पलंगावरून खाली. बाहेर धूळ, भिंतीवर शेण, खापऱ्या गच्चीपर्यंत. डावीकडची चारही झाडं गेली. कळायला एक क्षण लागला. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, त्याला श्वास घेऊ द्या, हे मी बत्तीस वर्षं जगाला सांगितलं. आणि आंबणाऱ्या बरणीला सिमेंट लावलं.

वीस मिनिटांत पोलीस, सी.आर.पी., दोन जीपगाड्या. गल्ली रिकामी. सगळे खिडक्यांमागे. इन्स्पेक्टर अंगणात आला. खड्ड्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. मी, पद्मिनी आणि वरून उतरलेले सरदारजी असे ओळीने उभे.

"ज़मीन में क्या दबाया था? किसने?"

मी तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. खरंच नाही निघाला. घाटात ब्रेक गेला तेव्हाही मी ओरडलो होतो, पण आज जीभ टाळूला चिकटली. सरदारजींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मकान मेरा है, ज़मीन मेरी है. जो पूछना है मुझसे पूछो जी. बुज़ुर्ग को बैठने दो, दिल का मरीज़ है."

माझं हृदय ठणठणीत आहे. त्यांना कुणी काय सांगितलं कोण जाणे.

इन्स्पेक्टरने पुढे मला काहीच विचारलं नाही. सरदारजींना जीपमध्ये बसवलं. दलीप कौर वरून एक पिशवी घेऊन आली. कपडे, औषध, चादर, सगळं भरलेलं. एवढ्या पटकन कशी भरली?

संध्याकाळी जयंत आला. पद्मिनीने सांगितलं. तो म्हणाला, "उद्या ते सोडतील. तुम्ही मध्ये पडू नका बाबा. माझी नोकरी आहे. वडिलांनी अंगणात स्फोट केला म्हणून माझी फाईल उघडली तर?"

मी हो म्हटलं. मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो, कारण खोटं लिहायला डायरी कशाला.

२५ मे, बुधवार
सोडलं नाही.

दलीप कौर दिवसभर जिन्यात बसून होती. मी दोनदा जिन्यापाशी गेलो आणि दोनदा परत आलो. तिने मला हाक मारली, "भाईसाब, चाय?" म्हणजे तीच मला चहा विचारते! मी म्हटलं, नको, पित्त होतं. पित्त होत नाही मला.

संध्याकाळी जयंतला म्हटलं, मी चौकीत जाऊन सांगतो. तो म्हणाला, "काय सांगणार? ताकाचा स्फोट झाला? कोण मानेल? तुम्हालाही बसवतील." खरं आहे. मी इन्स्पेक्टर असतो तर मीही मानलं नसतं.

एक पुरावा आहे. उजवी बरणी. ती अजून बंद आहे, पालापाचोळ्याखाली पोलिसांना दिसली नाही. पण तिच्याभोवती पाच झाडांची मुळं आता जाळ्यासारखी बसलीत. बरणी काढायची तर झाडं उपटायची. या उन्हात, फुलावर असताना, एकही जगणार नाही. डबीत बी शिल्लक नाही.

शालिनीला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, विचारताय कशाला, तुम्हाला ठाऊक आहे की.

२६ मे, गुरुवार
जयंत ड्यूटीवर गेल्यावर कुदळ घेतली. पहिल्या झाडाखाली हात घातला. माती गार, मऊ, मुळांना पांढरे केस आणि केसांत गांडुळं. तीन महिन्यांपूर्वी इथे चप्पल निघाली होती. झाडं एकेक बाजूला ठेवली. दोन मिरच्या धरल्या होत्या, तांदळाएवढ्या. वर तोंड केलेल्या.

मागे पद्मिनी उभी. मला वाटलं, आता ओरडणार. ती बरणीकडे बघून म्हणाली, "तर हे मांजर होतं." मग आत गेली आणि लूनाची किल्ली घेऊन आली. "बसा मागे. रिक्षावाला तुम्हाला हे घेऊन बसवणार नाही."

"जयंत रागावेल."

"रागावू दे. तो ड्यूटीवर आहे, आपण नाही."

ओल्या पोत्यात गुंडाळलेली बरणी मांडीवर घेऊन मी लूनावर मागे बसलो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की ही पण फुटू शकते. पद्मिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मग खड्डे सांगा." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला खड्डे चुकवायला सांगत होतो आणि कुणीतरी ऐकत होतं.

चौकीच्या दारात पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारलं, बरणीत काय? मी म्हटलं, "वही जो परसों फटा." हे असं बोलायला नको होतं. शिपाई पोत्यांमागे गेला, त्याच्यामागे आणखी चार. इन्स्पेक्टर आतून ओरडला, "रख दो! रख दो! पीछे हटो!" मी बरणी अंगणाच्या मधोमध ठेवली.

मग मात्र आवाज निघाला. दोन दिवसांचा साठलेला. मराठी, हिंदी, जे येईल ते. म्हटलं, दही, गूळ, गोबर. झाकण मी लावलं, सिमेंट मी लावलं, सुनेला वास येतो म्हणून लावलं. सरदारजींना यातलं काहीही माहीत नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. माणसाला सोडा आणि मला धरा, पण मला आधी जेवायला द्या, मी सकाळपासून काही खाल्लं नाही.

इन्स्पेक्टर म्हणाला, "दही से धमाका?"

मी लांब काठीला दगड बांधला, पोत्याआड बसलो आणि झाकणावर मारला. दुसऱ्या फटक्याला झाकण उडालं. कारंजं चौकीच्या कौलापर्यंत गेलं. वाळत घातलेल्या गणवेशांवर, इन्स्पेक्टरच्या बुटांवर, पहाऱ्याच्या शिपायावर. मग वास पसरला.  मग आतल्या खोलीतून सरदारजींचा आवाज आला. एवढ्या मोठ्याने हसताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मला तीन तास बसवलं. दोन कागदांवर सह्या घेतल्या. इन्स्पेक्टरने नाकाला रुमाल लावून मला एवढंच विचारलं, "बाबा, आपकी उम्र क्या है?" म्हटलं, अडुसष्ट. तो म्हणाला, "तो अक़ल कब आएगी?" 

सरदारजींना सोडलं. त्यांच्या डाव्या गालावर वळ होता. मी विचारलं तर म्हणाले, "मच्छर था जी."

केवढा डास असेल.

जयंत रात्री माझ्याशी बोलला नाही. पद्मिनीशी बोलला, आणि मग पद्मिनी त्याच्याशी बोलली नाही.

२९ मे, रविवार
पाचही झाडं परत लावली होती. मेली.

१९ जून, रविवार
चौकीतून हवालदार आला. मी जायच्या तयारीने चपला घातल्या. त्याच्या हातात रिकामी बाटली. म्हणाला, जिथे जिथे तो "बम" पडला तिथला झेंडू असा फुललाय की साहेब विचारतायत, आणखी मिळेल का. करून देतो म्हटलं. झाकणाचं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "वो हम समझ गए."

क्वार्टरचा कागद आलाय. तिसरा मजला. ऑगस्टमध्ये जायचं. माती नाही तिथे. असली तरी पेरायचं काय?

१० जुलै, रविवार
आज सकाळी सरदारजी आणि दलीप कौर दोघंही खाली आले. सरदारजींच्या हातात वनस्पती तुपाचा रिकामा डबा आणि डब्यात झाड. कमरेएवढं. पानापानात मिरच्या, हिरव्या, लाल, सगळ्या वर तोंड करून.

मी मिरच्या मोजायला लागलो.

दलीप कौर म्हणाली, "अप्रैल में इन्होंने चुराया था भाईसाब. मैंने कहा था, वापस करो."

सरदारजी आकाशाकडे बघत होते. म्हणाले, "आपने हमारी मिर्च को भाजी कहा था. मैंने सोचा, देखूँ तो सही."

मी त्यांना चोर म्हटलं. मराठीत आणखी बरंच म्हटलं. चोरलेल्या झाडाच्या डब्यातली माती चाचपली तर ती माझ्याच वाफ्यातली, भुसभुशीत, आत एक गांडूळ. तेही चोरलेलं. तीन महिने माणूस रोज माझ्याशी बोलतो, माझं दुःख ऐकतो, हळहळतो आणि गच्चीवर जाऊन त्याच झाडाला पाणी घालतो! मे महिन्यात का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणाले, "तब फल नहीं था जी. ख़ाली हाथ कैसे आता?"

मग त्यांनी पैजेवर एक अख्खी लाल मिरची तोंडात टाकली. आधी दोनदा हसत चावली. नंतर अंगणातल्या नळाला तोंड लावलं ते पाच मिनिटं काढलं नाही. दलीप कौर माझ्या शेजारी उभी राहून हसत होती. ठेचा केला. पद्मिनीने खाल्ला, नाक पुसलं, म्हणाली, "सासूबाई बऱ्या होत्या म्हणायच्या." तिने शालिनीची मिरची आजवर तोंडात घातली नव्हती.

बी काढून दोन वाटे केले. एक मिशेरीच्या डबीत, एक दलीप कौरच्या कानातल्यांच्या डबीत.

१७ जुलै, रविवार
आज परत फिरायला गेलो. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. सरदारजी नको म्हणत होते, मीच ओढून नेलं.

नाक्यावर तोच जवान. सरदारजींनी सवयीने पिशवी पुढे केली, हात वर केले. जवानाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्याकडे आला.

"ओए, बम वाले बाबा! खोलो डिब्बा."

पोत्यांमागचे दोघं उठून बघायला आले. माझे खिसे बघितले, डबा उघडला, टोपी काढून तिच्यातही बघितलं. नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, जिल्हा विचारला. पाच मिनिटं! सरदारजी बाजूला उभे, हात मागे बांधून, पोट पुढे काढून. त्यांना असं मोकळं उभं राहिलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. "अच्छी तरह देखो जी," जवानाला सांगत होते, "ये बंदा बड़ा ख़तरनाक है."

डब्यात चौकीसाठी नेत असलेल्या चार मिरच्या होत्या. जवानाने एक उचलली. "ये क्या है? इतनी छोटी?"

"भाजी है," सरदारजी म्हणाले.

त्याने ती अख्खी तोंडात टाकली.

आम्ही थांबलो नाही. दोघंही जोरात चालायला लागलो, जमेल तेवढं.